उलट्या शिवणीचे गाऊन

दि. ९ जानेवारी, गुरुवार, दुपारी

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरी आहे. तूही बरी असशील असं लिहिणार होते, पण तुझं पत्र वाचल्यावर ते लिहिणं खोटं ठरलं असतं. भावजींचा खोकला थांबला का? इकडे हवा कोरडी आहे, शिवताना बोटं तडकतात. मशीनचा पट्टा तुटला होता, तो काल बदलून घेतला. झाली माझी खुशाली.

चार महिने मी तुझे फोन उचलले नाहीत, म्हणून तू पत्र पाठवलंस. बरं केलंस. आईच्या हाताची जखम दाखवायला नेल्याचं लिहिलं आहेस, त्यातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. ‘डॉक्टरीणबाईंनी मला खोलीबाहेर नेऊन विचारलं, घरात आजींना कोणी मारतं का?’ तिसऱ्यांदा वाचण्याआधी मी चहा करून घेतला आणि खिडकीपाशी नीट बसले. इतका गोड चहा बऱ्याच दिवसांत प्यायले नव्हते. तुला राग येईल. येऊ दे.

आता सप्टेंबर आठव. तू माझ्याकडे जेवायला आलीस आणि हात धुवायच्या आधी आईच्या बाह्या वर सारल्यास. मनगटापासून कोपरापर्यंत जांभळे डाग. "हे कोणी केलं?" असं तू तिला विचारलंस. सकाळी काय खाल्लं ते जिला दुपारी आठवत नाही, ती आई म्हणाली, "बारकीने धरलं." धरलंच होतं. बेसिनपाशी तिचा पाय सरकला, तेव्हा मी हात पकडला नसता तर खुबा मोडला असता. मी तुला सांगायला लागले, डॉक्टर म्हणालेत की या वयात कातडी पातळ होते, त्यात तिला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, जरा घट्ट धरलं तरी आत रक्त साकळतं. तू म्हणालीस, "डॉक्टरांच्या आड लपू नकोस." आणि फोटो काढलेस.

ताटं उचलायच्या आत फोटो दादाकडे पोचले होते. त्याने मला एकच ओळ पाठवली, ‘तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.’ सहा वर्षं मी आईला अंघोळ घालत होते, तेव्हा त्याला एकही अपेक्षा सुचली नव्हती. चार दिवसांत तू आईला घेऊन गेलीस. जाताना जिन्यात शेजारणींना कारणही सांगून गेलीस. त्यातली एक बाई माझ्याकडे वीस वर्षं कपडे टाकायची. ती आता दुसरीकडे शिवून घेते, आणि जिन्यात मी दिसले की तिला काहीतरी विसरल्याचं आठवतं.

आणि आता तू लिहितेस, ‘तू काय करायचीस ते सविस्तर कळव.’ सविस्तर! माझ्या मनात आलं, उलट टपाली अट घालावी. आधी दादाला फोन कर, डॉक्टरीणबाईंनी काय विचारलं ते शब्दाला शब्द सांग, मग मी सांगते. तीन दिवस मी ती अट मनात घोळवली. कापड बेतताना घोळवली, काजं करताना घोळवली. पण तू अट मानायला आठवडा घेतला असतास, आणि तो आठवडा आईच्या हाताला सोसावा लागला असता. म्हणून सांगते. तुझ्यासाठी सांगत नाही, हे ध्यानात ठेव.

तो खरखरीत अंग घासायचा पंचा आधी फेकून दे. तू आईला घासत असणार, मला खात्री आहे, तू चमचेसुद्धा घासून झिजवतेस. पाणी कोमट, बाळाला चालेल इतकंच. अंघोळ थोडक्यात आटपायची. साबण फक्त काखेत, जांघेत आणि पावलांना, तोही बिनवासाचा. हातापायांना नुसतं पाणी पुरे. मऊ टॉवेलने टिपायचं, पुसायचं नाही. अंग ओलसर असतानाच जाड मलम लावायचं, साधं, बिनवासाचं. तळहातावर घेऊन वरून खाली हलक्या हाताने पसरायचं, चोळायचं नाही. संध्याकाळी पुन्हा एकदा. तुझ्या गुलाबाच्या वासाच्या बाटल्या तू वापर. हात लावण्याआधी तुझी अंगठी आणि घड्याळ काढ, नखं काप. उठवताना बोटांनी धरू नकोस, दोन्ही तळवे सपाट करून खालून आधार दे. पलंगाच्या कडेला जुनी चादर गुंडाळ. चिकटपट्टी तिच्या अंगाला कधीही लावू नकोस, निघताना ती कातडीच घेऊन निघते. जखमेवर डॉक्टरीणबाईंनी बांधलेलं आहे ते त्यांनाच सोडू दे. लालसर झालं, सूज आली किंवा पाणी यायला लागलं, तर त्याच दिवशी त्यांच्याकडे ने.

एक गोष्ट राहिली. ती मागच्या बाजूला लिहिते. कागद उलट.

आईचे गाऊन.

तू लिहिलं आहेस की उजव्या दंडाच्या आतल्या बाजूला सरळ रेषेत कातडी फाटली, आणि कशाने ते कळत नाही. मला कळतं. मी शिंपीण आहे. शिवणीची कड कुठे येते ते मला डोळे मिटून सांगता येतं.

तिचे सगळे गाऊन मी उलटे शिवले होते. शिवण बाहेर, गुळगुळीत बाजू अंगाला. गळ्याची पट्टीसुद्धा काढलेली. तू तिची बॅग भरायला बसलीस तेव्हा एक गाऊन वर धरून भावजींना म्हणालीस, "बघा, हिला उलटसुलट कपडे घालत होती. वेडंच केलं हिने आईला." आणि एकेक गाऊन सरळ करून घडी घालायला लागलीस. सात गाऊन होते. मी समोरच्या खुर्चीत बसले होते, हातात कात्री होती. सातही होईपर्यंत मी बघत राहिले.

एक वाक्य पुरलं असतं. उलटे नाहीत ते, तसेच घाल. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, ताई. मी गिळलं. मनात म्हटलं, घाल सरळ. मग तिच्या हातावर जे उठेल ते तुझ्या घरात उठेल. बघू तेव्हा कोण कोणाचे फोटो काढतं.

तेच झालं. मी म्हटलं तसंच झालं. मला वाटलं होतं, त्या दिवशी मी पोट धरून हसेन. चहा गोड लागला, हे वर लिहिलंय, ते खरं आहे. दुसरा कप मी ओतून दिला, हे लिहिलं नव्हतं. तू सूड घेण्याजोगी आहेस, अजूनही आहेस. पण सूड घेताना मी आईचा दंड वापरला. सप्टेंबरात तू जे म्हणालीस ते सहा वर्षांबद्दल साफ खोटं होतं. बॅग भरली त्या एका दुपारपुरतं मात्र खरं आहे.

आता तुझ्या हातात पुरावा आहे, माझ्या अक्षरात. दादाला खुशाल दाखव. फक्त एक कर, फोटो काढून अर्धा पाठवू नकोस. म्हणूनच मी एकच कागद घेतला. तुझ्या डॉक्टरीणबाईंचा प्रश्न पुढच्या बाजूला आहे, माझा गुन्हा मागच्या बाजूला. माझा फाडून घेशील तर तुझाही त्याच्याबरोबर येईल.

दादाला मी रविवारी सकाळी दहाला तुझ्याकडे बोलावलं आहे. त्याने हा कागद आईसमोर मोठ्याने वाचायचा, दोन्ही बाजू. मग आई कोणाकडे राहील ते ठरवू. मी तिला न्यायला येते आहे, हे तुला आत्ताच सांगून ठेवते. बरोबर नवे चार गाऊन आणते, सुती, शिवण बाहेर. तोवर घरातले सातही आज, पत्र खाली ठेवण्याआधी, उलटे कर.

आईला माझा नमस्कार सांग. कोण म्हणून विचारेल, तेव्हा सांग,

जिने धरलं ती
बारकी