पिवळी पूड

३ मार्च
चि. ठकूस अनेक आशीर्वाद.
मी मजेत आहे. गुडघे इतके मोकळे झालेत की काल तीन मजले न थांबता चढले. आमच्या कापडदुकानाशेजारच्या पुडीवाल्यांची कृपा! त्यांची पिवळी पूड निव्वळ झाडपाला आहे म्हणतात. दादाचे गुडघेही कुरकुरतात, म्हणून त्याच्यासाठी काही पुड्या सोबत पाठवतेय. संध्याकाळी पाय सुजतात, चपला चढत नाहीत. वय झालं, दुसरं काय! तू अजून प्रयोगशाळेत पाण्यात तारा बुडवून बसतेस ना? कधीतरी आत्यालाही आठवत जा.
तुझी आत्या

१४ मार्च
ती. आत्यास शि. सा. न.
पुड्या बाबांना दिल्या नाहीत, रागावू नकोस. तुझे पाय सुजतात हे वाचलं आणि मनात पाल चुकचुकली. शेवटी त्या ताराच कामी आल्या. पूड विरघळवली, त्यात त्या तारा, म्हणजे इलेक्ट्रोड, बुडवले आणि विजेचा दाब हळूहळू वाढवत नेला. प्रत्येक औषध आपल्या ठरलेल्या दाबालाच प्रतिसाद देतं, मग आलेखावर टेकडी उठते. माल जितका जास्त, तितकी टेकडी उंच. तुझ्या पुडीची टेकडी डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाच्या जागी उठली. खात्रीसाठी शुद्ध डायक्लोफेनॅक त्यात टाकलं, तर नवी टेकडी आली नाही, तीच वाढली. एका पुडीत डॉक्टर दिवसभरात देतील त्याहून जास्त औषध आहे. दाब उलट दिशेने नेल्यावर पिवळ्या रंगाचाही पत्ता लागला. तो कापडाला शोभेल, पोटाला नाही.
आत्या, हे रोज घेतलं तर मूत्रपिंडं खराब होतात. आजच बंद कर आणि रक्त तपासून घे. मग मला हव्या तेवढ्या शिव्या घाल.
तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
ठकू

२ एप्रिल
चि. ठकूस आशीर्वाद.
तुझं पत्र वाचून डोक्यात तिडीक गेली. ज्याने मला चालतं केलं, त्याला ही पोर खोटं पाडते! तशीच तरातरा पुडीवाल्यांकडे गेले आणि पत्र त्यांच्यापुढे टाकलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मला वाटलं, भांडतील. त्यांनी पायजमा वर करून घोटे दाखवले. माझ्याहून दुप्पट सुजलेले. पाठीसाठी तीच पूड ते स्वतः सकाळ-संध्याकाळ घेत होते. एका व्यापाऱ्याकडून तयार माल आणायचे, आत काय आहे ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.
दोघं मिळून डॉक्टरकडे गेलो. माझं थोडक्यात निभावलं, मूत्रपिंडं सावरतील म्हणतात. त्यांना मात्र दवाखान्यात ठेवलंय. उरलेला माल त्यांनी औषध निरीक्षकाच्या हवाली केला आणि पुडी नेणाऱ्यांना सांगून यायची विनंती मला केली. मी घरोघर फिरतेय. गुडघे ठणकतात, पण चालतात.
लोक काही हार घालत नाहीत. एकाने तर दार तोंडावर आपटलं. पलीकडच्या गल्लीत एक बाई एकटी राहते. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, पूड सोडली आणि रात्री कळ आली तर तुम्ही येणार आहात का? माझ्या तोंडून निघून गेलं, येईन.
काल रात्री तिने बोलावलं. गेले. गरम पाण्याची पिशवी दिली, सकाळपर्यंत बसले. निघताना तिने उरलेल्या पुड्या माझ्या हातात ठेवल्या.
दादाला सांग, गुडघे दुखू देत, पण डॉक्टरला दाखव. माया आहे तशीच राहू दे.
तुझी आत्या