खिशावरचं हिरवं पान

मंगळवार, संध्याकाळ.

संताप जाता जात नाहीये. सकाळी आमच्या विमा कंपनीत सगळ्यांनी हात पुढे करून शपथ घेतली, कार्बन कमी करू, पृथ्वी वाचवू. साहेबांनी प्रत्येकाच्या खिशावर हिरव्या पानाचा बिल्ला लावला. आणि दुपारी तोच बिल्ला लावून मी इचलकरंजीला गेलो, नदीकाठच्या यंत्रमागवाल्या अण्णांना सांगायला, की हवामान बिघडलंय, यंदापासून तुमचा पुराचा विमा बंद. कोळशावरच्या वीज केंद्राचा मात्र गेल्याच आठवड्यात उतरवला, वर पेढे वाटले! लाज कशी वाटत नाही यांना? आणि मला तरी?

अण्णा भांडले नाहीत. पुराची खूण रंगवलेल्या भिंतीला मला टेकवून उभं केलं आणि बिल्ल्यावर बोट ठेवलं.

"पाणी हितवर आलतं की वो. बरोब्बर तुमच्या पानापतोर."