अक्का, तुला कुणी सांगितलं होतं का?

प्रिय अक्का,

तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली, पण तुला पत्र लिहावं असं कधी मनात आलं नव्हतं. आज लिहितेय, कारण जे विचारायचंय ते फक्त तुलाच विचारता येईल. आईला विचारलं की ती रडते. ती तुझी धाकटी बहीण, पण तिलाही सगळं कुठे माहीत आहे? माझं डोकं नुसतं गरगरतंय.

माझी ईशा आता सोळा वर्षांची आहे. तुझ्यासारखीच उंच. चेहऱ्यावर एक पुटकुळी नाही, मैत्रिणी जळतात तिच्यावर! पण तिला पाळीच येईना. "येईल गं, काहींना उशीर होतो," असं आई म्हणत राहिली. शेवटी बसवनगुडीतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे तिला घेऊन गेले. आईही आली.

तपासण्या झाल्यावर बाईंनी ईशाला बाहेर बसवलं आणि आम्हा दोघींना आत बोलावलं. म्हणाल्या, तिला गर्भाशय नाही. पोटात ग्रंथी आहेत त्या मुलांच्या असतात तशा. गुणसूत्रंही मुलांसारखी.

"मुलांचं शरीर घडवणारं हार्मोन तिच्या अंगात आहे, पण तिच्या पेशींना ते ओळखताच येत नाही. म्हणून पोटात असल्यापासून तिचं शरीर मुलीचंच घडलं."

तुला कळतंय का हे, अक्का? मला कळेना. मी वेड्यासारखं विचारलं, "मग ती मुलगी नाही का?"

"नोडी, बघा ना, हे तिला विचारलंत तर ती काय म्हणेल?" बाई म्हणाल्या. "तेच उत्तर."

मग त्यांनी विचारलं, "हे बहुतेक आईकडून येतं. तुमच्या आईच्या घरात कुणी पाळी न आलेली बाई होती?"

"नाही. कुणीच नाही," आई झटकन म्हणाली. रिक्षात बसल्यावर तिनं पदर तोंडाला लावला आणि एवढंच म्हणाली, "अक्का."

तेव्हापासून एकेक आठवतंय. घरातल्या बायका महिन्याला बाहेर बसायच्या, तू कधीच नाही. गौरीचा नैवेद्य दर वर्षी तुझ्याच हातचा. "थोरली आहे म्हणून देवघर अडत नाही," असं आजोबा, आपले अण्णा, कौतुकानं सांगायचे. त्यांना तेव्हा काही कळत होतं का गं?

धारवाडला तुझं लग्न करून दिलं आणि वर्षाच्या आत तिकडच्यांनी तुला परत आणून सोडलं. मग अण्णांनी तुला मोठ्या दवाखान्यात नेलं, ऑपरेशन झालं. "पोटात गाठ होती, काढली," असं सगळ्यांना सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते अण्णांनी आजीलासुद्धा सांगितलं नाही, असं आई म्हणते. त्या दिवसापासून तुझ्या दुसऱ्या लग्नाचा विषय त्यांनी कुणाला काढू दिला नाही. ही माया होती की लाज? मला ठरवता येत नाही.

तू टेलिफोन खात्यात नोकरी केलीस, छान राहिलीस, आम्हाला सिनेमाला नेलंस. पण चाळिशीतच तुझी पाठ वाकली. बाजारात नुसता पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर तू धड चाललीच नाहीस.

आता बाई सांगतात, पेशींना ओळखता न येणाऱ्या त्याच हार्मोनपासून शरीर बाईचं हार्मोन बनवतं. त्या ग्रंथी काढल्या की तेही थांबतं. मग गोळ्या द्याव्या लागतात, नाहीतर हाडं ठिसूळ होतात. तुला कुणीच दिल्या नाहीत का, अक्का? साध्या गोळ्या! की तुझी गाठ खरंच नुसती गाठ होती आणि मीच काहीतरी जुळवत बसलेय?

मी तुझे पाय चेपायची तेव्हा तू म्हणायचीस, "माझं शरीर मलाच कळलं नाही बघ." मी हसायची. तुला तेव्हा काय सांगायचं होतं? सांगायचंस की गं!

आई म्हणाली, "ईशाला नको सांगू. गाठ आहे म्हण." तो शब्द ऐकला आणि तुझंच ऑपरेशन आठवलं. रविवारी आमच्या बनशंकरीतल्या घरी, गच्चीवर कपडे वाळत घालताना मी ईशाला सगळं सांगितलं.

"म्हणजे मला मूल होणार नाही?"

"पोटचं नाही."

खूप रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "माझ्याबद्दलचं माझ्याआधी तुला आणि आजीला का सांगितलं?"

पुढच्या वेळी तीच बाईंशी बोलली. ग्रंथी इतक्यात काढायची घाई नाही, तपासत राहायचं, मोठी झाल्यावर तिनंच ठरवायचं, असं ठरलं. "सरी, ठीक आहे," ईशा म्हणाली, जशी काही दुकानात सुटे पैसे घेतेय! घरी आल्यावर आई आपणहून तिच्या खोलीत गेली आणि बराच वेळ तुझ्याबद्दल बोलत बसली. दार उघडंच होतं.

माझा गोंधळ संपलेला नाही. तू कोण होतीस हे मला नव्यानं कळलं, की होतीस तशीच आहेस आणि मीच उगाच चाचपडतेय? तुला "गेलीस", "म्हणायचीस" असं बाईच्या रूपात लिहिताना मात्र हात एकदाही अडला नाही.

तुला शब्द देते अक्का, ईशाच्या शरीराबद्दल काहीही बोलायचं असेल तर आधी तिच्याशीच बोलणं होईल. मी शेजारी बसेन, आणि तिनं विचारलं तरच तोंड उघडीन.

तुझी,
पद्मा