यंदाच्या येळवसाची फेरी

आई,

इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवते. फोनवर तू रडतेस आणि बोलायचं राहून जातं, म्हणून लिहिते आहे.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. इथं बर्फ पडतोय, पण खोली उबदार आहे. तुझा गुडघा कसा आहे?

अमावास्येला येळवसाच्या रानपूजेला मला येता येणार नाही. एवढं काय काम असतं, असं तू धाकट्या अक्षदाला विचारलंस म्हणे. काही तापलेले तारे स्वतःभोवती इतक्या जोरात फिरतात की त्यांच्यातला वायू बाहेर पडतो आणि भोवती त्याची चकती तयार होते. ती किती उजळेल, याचं गणित मी कॉम्प्युटरवर मांडते. आण्णा गेल्यापासून लक्ष लागत नाही. गणितात वायू फार दाट धरला गेला आणि दुर्बिणीत दिसलेल्या उजेडाशी मेळ बसेना. आता सगळं पुन्हा करतेय. थकायला होतं, पण होईल.

माझ्या ताऱ्याची चकती मागं एकदा पार विरून गेली होती. तारा फिरत राहिला. आता ती पुन्हा जमते आहे.

अक्षदा सांगत होती, "आई म्हणती, कर्ता माणूस गेला, यंदा रानात कडब्याची कोप न्हाय का आंबील न्हाय. माझ्यासारख्या विधवेनं रानाला फेरी मारली तर लोक काय म्हणतील?"

म्हणू दे. गोडधोड करू नकोस, कुणाला बोलावू नकोस. पण रानातली ज्वारी आण्णांनी पेरलेली आहे. आंबील शिंपडत तिच्याभोवती तूच फिर. मडकं जड वाटलं तर अर्धंच भर.

तुझी,
अर्पिता