तळ्याच्या काठचं गवत

७ जून २०१४
कॉन्डोची मीटिंग. तळ्याच्या काठचं गवत उपटून टाकायचा माझा ठराव पास. इराच्या वर्गातल्या मुलीला डेंग्यू झाल्यापासून मला सगळीकडे नुसते डास दिसतात. तळमजल्यावरच्या लिम आंटी एकट्याच विरोधात. म्हणाल्या, छोटे गप्पी मासे त्या गवतातच राहतात, मोठे रंगीत कोई मासे मधल्या खोल पाण्यात. गवत गेलं की गप्पींना थारा नाही. मी सगळ्यांसमोर, "आंटी, वी आर टॉकिंग अबाउट चिल्ड्रन, नॉट फिश." लोक हसले. बरं वाटलं मला.

१५ जून
गवत गेलं. तळं कसं स्वच्छ! इरा कठड्याला लटकून बघत होती. "आई, स्मॉल फिश ऑल गॉन, लाह." कोईंनी खाल्ले असणार. तिच्या बाबानं, निखिलनं, जेवायच्या आधी मोबाइलवरून वाचून दाखवलं: थंड देशांतसुद्धा एकाच तळ्यात ट्राउट काठ धरून राहतात, सॅमन मधल्या उघड्या पाण्यात. "म्हणजे आंटींचं बरोबर होतं," म्हणाला. मी म्हटलं, पानं घेतलीयत, बसा.

२ जुलै
डेंग्यूची तपासणी. काठच्या दगडांमधल्या उथळ पाण्यात अळ्या सापडल्या. कोई इतक्या उथळात येत नाहीत. गप्पी यायचे, अळ्या खायचे. इन्स्पेक्टर हे मॅनेजरला सांगत होता, अगदी सहज. मी शेजारीच, ऑफिसची बॅग खांद्याला.  ते लोक औषध मारून गेले.

९ जुलै
लिम आंटींना डेंग्यू. हॉस्पिटलमध्ये. प्लेटलेट्स खूप खाली. सकाळी ऑफिसच्या स्टेशनला, रॅफल्स प्लेसला, उतरायचंच विसरले, पुढच्या स्टेशनवरून परत आले. डास कुठे चावला, कोण सांगणार? बाजारात, बसस्टॉपवर, कुठेही. दिवसभर हेच घोकतेय. खरंही असेल. पण त्यांना बाहेरच चावला असावा अशी इच्छा करतेय मी, आणि...

१२ जुलै
मुगाचं कढण घेऊन गेले. आंटी झोपलेल्या, हात सुया टोचून निळा झालेला. बाहेर त्यांचा मुलगा. दाढी वाढलेली. त्यानं विचारलं, "ते गवत कुणी काढायला लावलं, तुम्हाला माहितीय?"
"कमिटीनं," मी म्हटलं.
खोटं नाही. पण खरंही नाही. त्यानं कढणाबद्दल थँक्यू म्हटलं, डबा दोन्ही हातांनी घेतला. लिफ्टमध्ये आरशाकडे पाठ करून उभी राहिले. निखिलला यातलं काही सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, बऱ्या आहेत.

२० जुलै
आंटी घरी आल्या. भेटायला गेले. निम्म्या राहिल्यात. स्वतः उठून मला खुर्ची द्यायला निघाल्या, मीच बसवलं त्यांना. मुलगा स्वयंपाकघरात होता. हीच वेळ, म्हणून हळूच सुरुवात केली, "आंटी, त्या मीटिंगमध्ये मी..."
"आय वॉज देअर, गर्ल," म्हणाल्या. आवाज अगदी साधा. मग इराच्या शाळेची चौकशी.
मुलगा चहा घेऊन आला. माझ्याशी तितकाच चांगला वागला. बिस्किटं पुढे केली. म्हणजे आंटींनी त्याला काहीच सांगितलेलं नाही. मला सांभाळून घेतायत, की मी आपणहून सांगते का ते बघतायत? चहा संपवला. त्यानं कप घ्यायला हात पुढे केला. मी दिला. त्याच्याकडे बघवलं नाही.