पुढच्या सीटवरची बडबड

तीर्थरूप सौ. वहिनींना,

धाकट्या नणंदेचा साष्टांग नमस्कार (खरोखरचा घालणार होते, पण दोन्ही गुडघे सोलवटलेत). तब्येत कशी आहे? सकाळी भिंतीपलीकडे तीनदा खोकलात, म्हणजे बरी नसावी. एकाच घरात राहून पत्रं कसली लिहितेस, असं दादा म्हणाला. पण दोन महिने तुम्ही माझ्याशी चकार शब्द बोलला नाहीत, मग करू काय? ऑफिसातल्या बोलक्या संगणकावर लिहून, तिथल्याच प्रिंटरवर छापून दाराखालून सरकवतेय. (शाई संपून कोराच कागद आला असेल, तर मला कळणार नाही. दादाला सांगा.)

रविवारच्या तिहेरी शर्यतीचं कानावर आलंच असेल. पोहणं झकास झालं. माशी शिंकली ती जोडसायकलवर. मला दिसत नाही म्हणून सहा वर्षं पुढच्या सीटवर तुम्ही होतात, आणि तुमची टकळी अखंड चालू: खड्डा आला, डावीकडे वळतोय, गिअर बदलते, आणि मधेच त्या समोरच्या बाईचा स्वेटर किती भयानक आहे. मला वैताग यायचा. स्वतःला मोठी खेळाडू समजायला लागले होते ना! म्हणून तुमच्या जागी आलेल्या, पोहणं शिकवणाऱ्या बाईंना मी पहिल्याच दिवशी ऐटीत बजावलं, की उगाच बोलायचं नाही, माझं लक्ष उडतं. बाई शब्दाच्या पक्क्या. अख्ख्या शर्यतीत हूं नाही की चूं नाही. खड्डे मला पाठीच्या मणक्यांनी कळवले. वळणावर त्या डावीकडे कलल्या, मी उजवीकडे. सायकल सोडून धावायला लागायच्या रेषेशी त्यांनी ब्रेक दाबला, तेव्हा मी शेवटचा जोर लावायला नुकती सीटवरून उठले होते. दोघी सायकलसकट पंचांच्या टेबलावर! त्यांचा चहा माझ्या बुटात. पुढचं सगळं धावणं मी पचपच करत पूर्ण केलं आणि पाचवी आले (पाचच जणी होतो). संघात तिघींनाच घेतात, आणि आता एकच निवड चाचणी उरली आहे.

पण लाज पडल्याची नाही वाटत, वहिनी. पडता पडता मी ओरडले, "वहिनी, सांगायचं नाही का?" बाईंनी तेवढ्यापुरतं मौन सोडलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मी वहिनी नाही." तिथेच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलांना गोड पापा.

तुमची,
तोंड लपवायला जागा नसलेली नणंद

ता. क. तुम्हाला प्रशिक्षकांनी काढलं, असं मी सांगितलं होतं, आणि मी तुमची बाजू घेतली नाही म्हणून तुम्ही अबोला धरलात. ते धादांत खोटं. मीच त्यांच्याकडे जाऊन तुमची तक्रार केली. त्यांनी तर मला उलट समजावलं होतं.

ता. क. २. त्या शेवटच्या चाचणीच्या अर्जाची मुदत काल संपली. पुढच्या सीटसाठी तुमचंच नाव घालून मोकळी झालेय. तुम्ही आला नाहीत तर माझंही नाव कापलं जाईल. कापलं गेलं तरी तुमची चूक म्हणणार नाही.

ता. क. ३. उत्तर कागदावर देऊ नका. मला वाचता येत नाही, आणि दादाकडून वाचून घ्यायची हिंमत नाही. तोंडानेच द्या. शिव्या घातल्यात तरी चालेल, वहिनी, पण बोला.