वरच्या बागेची किल्ली

मी, खाली सही करणारी, फळबागायतदारांच्या सभांतून आयुष्यभर गरजत आलेली बाई, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय ही माझी अखेरची इच्छा लिहून ठेवत आहे. डॉक्टरांनी माझ्या हृदयाबद्दल जे सांगितलं त्याची मला भीती नाही. भीती पाण्याची आहे.

राहतं घर आणि खालची बाग थोरल्या मुलाला. बाग म्हणजे आता संत्र्याची वाळलेली खोडंच. दारापर्यंत गाडी यावी म्हणून त्याने पाणी काढून देणारा चर बुजवला. पाणी मुळांशी तुंबलं, मुळांचा श्वास कोंडला आणि मातीत दबा धरून बसलेल्या बुरशीला रान मोकळं झालं. मुळं कुजली की झाडाला पाणी ओढता येत नाही. पायाशी तळं असून पानं सुकतात.

"आई, तहानलीत गं झाडं," म्हणत त्याने आणखी पाणी सोडलं.

"तहानली नाहीत, बुडालीत रे!" मी ओरडले.

दीर म्हणाले, "वहिनी, इथे सभा नाही. माईक ठेवा खाली."

मी एक मूळ उपटून त्यांच्या हातात दिलं. साल मोज्यासारखी निघून आली. तो वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही.

दिरांना माझा माईक द्यावा. चर बुजवायचा सल्ला त्यांचाच होता; आता तो चारचौघांत, मोठ्याने सांगावा.

थोरल्याने आधी चर उकरावा. तिथे पुन्हा फळझाड लावू नये, माझ्या आठवणीसाठीसुद्धा नाही. झाड मरतं; बुरशी मातीत वर्षानुवर्षं वाट पाहते.

वरची बाग, माझी सगळी पुस्तकं आणि पाण्याच्या व्हॉल्व्हची किल्ली धाकट्या मुलीला. थोरल्या, राग धरू नकोस. तुझा जीव झाडांवर आहे, म्हणूनच मला धास्ती वाटते. खालचं फावडं वर नेऊ नये. मला पोहोचवायला येणाऱ्यांना वरच्या फाटकाबाहेरच थांबवावं. बुरशी वर पोहोचायला चिखलाचा एक बूट पुरेसा आहे.

आता शेवटचं. काल वरच्या बागेत, बांधालगतच्या झाडाची पानं मरगळलेली दिसली. वरचीच कुदळ घेऊन गेले, झाडाखाली बसले आणि तशीच परत आले. भरल्या सभेत कधी न चाचरलेल्या मला एक मुळी उकरून पाहायचं धैर्य झालं नाही. थोरल्याला सांगितलेलं नाही. तो पाणी सोडेल.

धाकटे, मी गेले की रडायच्या आधी ते झाड बघ. मुळी पांढरी निघाली तर ते खरंच तहानलेलं असेल. त्याला पाणी दे. तपकिरी निघाली तर झाड मुळासकट काढून तिथेच जाळ, भोवती चर खण आणि मदतीला भावाला हाक मार. बूट धुऊन ये म्हणावं. किल्ली मात्र त्याच्या हातात देऊ नकोस.

हे मी साक्षीदारांना स्वतः वाचून दाखवलं आहे. आवाज नेहमीसारखा लागला नाही.

सही: थोरल्याची आणि धाकटीची आई

साक्षीदार:
१. नर्सरीवाले (बूट दाराबाहेर काढून आत आले)
२. डॉक्टर (त्यांना सांगावं लागलं)

स्थळ: वरच्या बागेतली पत्र्याची खोली
दिनांक: फळतोडणी संपल्यानंतरचा पहिला सोमवार